वाजतोय खरा, पण कुठे?

सकाळी कॉलेजला निघण्याची घाई आणि मोबाइल फोन जागेवर नाही. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या फोनवरून त्याला रिंग द्यायची, ही रीत आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी असेच झाले. रिंग वाजू लागली. मुलगी म्हणाली, "स्वयंपाकघरात!" मी म्हणालो, "छे, बाहेरच्या खोलीत." आईने देवघराकडे बोट दाखवले. फोन निघाला कपाटाशेजारच्या गोधड्यांच्या चळतीत! तिघांचेही कान ठणठणीत आहेत. मग तीन माणसांना तीन दिशा का भासाव्यात?

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही म्हणाल, एवढी यातायात कशाला? फोनचे ठिकाण नकाशावर पाहता येतेच की! येते, पण त्यालाही मर्यादा आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून रेडिओ तरंग पाठवीत असतात. तरंग पोहोचायला किती वेळ लागला यावरून फोन आपले अंतर काढतो. या तरंगांचा वेग प्रकाशाइतका असल्यामुळे वेळ मोजताना सेकंदाच्या एक कोटीव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३० मीटरने चुकते. उघड्या मैदानावर फोन आपले स्थान साधारणपणे ५ मीटरपर्यंत बरोबर सांगतो. घरात छपराखाली हे तरंग क्षीण होतात आणि चूक वाढते. म्हणजे नकाशा फार तर 'फोन तुमच्याच घरी आहे' एवढे सांगणार. शेवटच्या चार-पाच मीटरांचे काम कानांनाच करावे लागते.

ते काम कान कसे करतात, याचा शोध घेणाऱ्यांत लॉर्ड रॅली हे थोर पदार्थवैज्ञानिक होते. पुढे १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात इंग्लंडमधील टर्लिंग येथील आपल्या घराच्या हिरवळीवर ते डोळे मिटून उभे राहत आणि सहाय्यकांना सभोवती उभे करीत. कोणी बोलले की रॅली दिशा अचूक सांगत. पण बोलण्याऐवजी नादकाटा वाजवला, की आवाज समोरून आला की पाठीमागून, हेच त्यांना ओळखता येईना! डावे-उजवे मात्र कळे.

हे कोडे उलगडण्यासाठी थोडे गणित करू. आवाज डावीकडून आला, तर डोक्याला वळसा घालून उजव्या कानापर्यंत जाताना त्याला सुमारे २२ सेंटिमीटर अधिक जावे लागते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर उजवा कान सुमारे ०.६५ मिलिसेकंद उशिरा ऐकतो. मेंदू इतका चोख की सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा फरकही तो ओळखू शकतो. शिवाय डोक्याची 'सावली' पडून पलीकडच्या कानाला आवाज क्षीण ऐकू येतो. कालभेद आणि तीव्रताभेद, अशा या दोन खुणा. १९०७ साली रॅलींनीच दाखवले, की खर्जातल्या स्वरांना पहिली खूण उपयोगी पडते, तर उंच स्वरांना दुसरी.

आता ५०० हर्ट्झ कंप्रतेचा (म्हणजे वारंवारतेचा) स्वर घ्या. त्याचे एक कंपन २ मिलिसेकंदांचे. ०.६५ मिलिसेकंदांचा फरक त्यात सहज ओळखू येतो. २,००० हर्ट्झचे कंपन मात्र अवघे ०.५ मिलिसेकंदाचे! उजव्या कानातले कंपन डाव्या कानातल्या नेमक्या कोणत्या कंपनाशी जुळवायचे, हे मेंदूला उमगत नाही. मग सावलीचा आधार घ्यावा, तर या स्वराची तरंगलांबी १७ सेंटिमीटर, जवळजवळ डोक्याएवढीच. असा तरंग डोक्याला वळसा घालून जातो आणि सावली फिकी पडते. ६,००० हर्ट्झच्या तरंगाची लांबी ६ सेंटिमीटरांहून कमी. त्याची सावली दाट पडते. थोडक्यात, १,५०० ते ३,००० हर्ट्झ हा पट्टा धड ना इकडचा, ना तिकडचा. आणि फोनच्या इवल्याशा ध्वनिवर्धकातून खर्ज निघत नसल्यामुळे पुष्कळशा रिंगटोन याच मुलखात शिट्टीसारख्या वाजत असतात!

राहिला प्रश्न पुढच्या-मागच्याचा. तो सोडवते कानाची पाळी. तिच्या वळ्यांवरून परावर्तन होऊन उंच स्वर दिशेनुसार कमीअधिक होतात. पण त्यासाठी आवाजात अनेक कंप्रतांची सरमिसळ हवी. बोलण्यात ती असते, नादकाट्यात नसते. घरात शिरलेला रातकिडा सापडता सापडत नाही तो यामुळेच. त्याची किरकिर बरीचशी एकाच कंप्रतेची असते.

खोलीच्या भिंती आणखी गोंधळ घालतात. मूळ आवाज आणि परावर्तित आवाज यांपैकी जो आधी पोहोचतो, त्याच्या दिशेवर मेंदू विश्वास ठेवतो. हान्स वॉलाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हे प्रयोगांनी सिद्ध केले. सलग लांबणाऱ्या सुरात 'आधी'चा क्षण एकदाच येतो. तुटक ठोक्यांत तो दर ठोक्याला नव्याने मिळतो.

तेव्हा सहज सापडणारी रिंगटोन कशी हवी? तुटक ठोक्यांची आणि अनेक कंप्रतांची. अशी रिंगटोन विकत आणावी लागत नाही. फोनमधले ध्वनिमुद्रणाचे ॲप उघडा. टाळाचा एक ठोका, क्षणभर शांतता, मग डब्यात खडे घालून केलेला खुळखुळाट, पुन्हा शांतता, असे वीस सेकंद मुद्रित करा. टाळ फोनच्या फार जवळ नको, आवाज फाटतो. मुद्रणाचा दर्जा मात्र उच्च निवडा. सेकंदाला जितके नमुने घेतले जातात, त्याच्या निम्म्या कंप्रतेपर्यंतचाच ध्वनी टिपता येतो. ८,००० नमुन्यांच्या मुद्रणात ४,००० हर्ट्झच्या वरचे सारे गळून जाते. आपल्याला हवी तीच झणझण नाहीशी होते! ४४,१०० नमुने घेतल्यास ऐकू येणारे सारे टिपले जाते. पुढे अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमधील ध्वनीच्या विभागात जाऊन ही फाइल रिंगटोन म्हणून निवडायची. (आयफोनवर रीत थोडी निराळी आहे.)

माझा पहिला प्रयत्न फसला, हेही सांगितले पाहिजे. मी नुसता टाळ मुद्रित केला होता. उघड्यावर फोन झटकन सापडे, पण गोधड्यांत ठेवला की पुन्हा तीच शोधाशोध. कापूस आणि कापड उंच स्वर अधिक शोषून घेतात, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो आणि नेमके तेच विसरलो! मग त्यात लाकडी पाटावरची टकटक मिसळली. आता गोधड्यांत लपवलेला फोन वाजला, की तिघांची बोटे निदान एकाच खोलीकडे वळतात.

फोन मुका करून ठेवला असेल तर ही सारी मेहनत वाया. तेव्हा मात्र गूगलच्या शोधसेवेतून रिंग द्यावी. फोन चालू असून इंटरनेटला जोडलेला असला, तर मुका असूनही तो पूर्ण आवाजात वाजतो. बाहेर कुठे चोरीला गेलेल्या फोनसाठी कानांचा उपयोग नाही. *#०६# हे बटणांवर दाबून दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक आजच वहीत लिहून ठेवा. पोलिसांत तक्रार करून, केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तो दिला, की फोन बंद पाडता येतो.

रॅलींचा प्रयोग शाळेच्या मैदानावर सहज होईल. चुन्याने वर्तुळ आखा, मध्यभागी डोळे बांधलेला विद्यार्थी उभा करा. शिट्टीसारखी रिंगटोन आणि तुमची टाळाची रिंगटोन वेगवेगळ्या बाजूंनी वाजवा. तो बोट दाखवील ती दिशा व खरी दिशा यांतला कोन प्रत्येक वेळी मोजा. नंतर त्याला एका कानात बोट घालायला सांगा आणि पुन्हा मोजा. मान मात्र स्थिर हवी. मान वळवली की कोन कमी होतात. ते का, हे रॅलींच्या दोन खुणांवरून तुम्हीच शोधा.