सात फिल्टर, दोन कान

सप्टेंबर 2025मध्ये स्पॉटिफायने अखेर लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेलं संगीत आणलं, 24 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झपर्यंत. अ‍ॅपल म्युझिकवर ते 2021पासूनच होतं. गाणं शाबूत मिळालं की हौशी श्रोत्यांचा मोर्चा प्लेअरच्या सेटिंगकडे वळतो आणि तिथे भेटते फिल्टरची यादी: शार्प, स्लो, लिनिअर फेज, मिनिमम फेज. ईएसएसच्या ईएस9038 प्रो चिपमध्ये तर असे 7 तयार फिल्टर आहेत.

फिल्टर हवाच, यात वाद नाही. सेकंदाला 44,100 नमुने घेतले की 22.05 किलोहर्ट्झच्या वर मूळ आवाजाच्या उलट्या प्रतिमा उमटतात. 20 किलोहर्ट्झच्या सुराची 24.1वर. प्रतिमा कापायच्या आणि 20पर्यंतचं सगळं जपायचं, एवढ्या चिंचोळ्या जागेत हा खेळ. 1982च्या सोनी सीडीपी-101मध्ये हे काम अ‍ॅनालॉग सर्किट करत असे. फिलिप्सने मात्र चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे नमुने चौपट करून, डिजिटल फिल्टर लावला आणि 14 बिटांच्या डॅककडून, म्हणजे आकड्यांचा अ‍ॅनालॉग आवाज करणाऱ्या चिपकडून, 16 बिटांच्या तोडीचं काम करून घेतलं. पुढे सगळे त्याच वाटेने गेले.

खरी गंमत थरथरीची. तबल्याच्या चाटीवर पडलेला ‘ना’ घ्या. तीव्र उताराचा लिनिअर फेज फिल्टर ठोक्याच्या आधी आणि नंतरही बारीक थरथर सोडू शकतो; मिनिमम फेजमध्ये ती सगळी ठोक्यामागे जाते. लिनिअरमध्ये मात्र बोट पडायच्या आधीच नाद! आलेखावर हे भयंकर दिसतं आणि जाहिरातवाल्यांनी त्याचं सोनं केलं. पण ही थरथर असते 22 किलोहर्ट्झच्या आसपास, आणि तीही मूळ आवाजात तिथवर काही असेल तरच. तिथे माणसाचा कान बहिराच.

स्लो फिल्टरचं तसं नाही. तो 20च्या आधीच उतरू लागतो. फिल्टरच नसलेल्या ‘नॉस’ डॅकमध्ये 20 किलोहर्ट्झवर 3 डेसिबलहून थोडी जास्त घट होते. देऊळगाव राजाला बालाजी महाराजांच्या उत्सवात झांजा वाजतात. तसल्या रेकॉर्डिंगमध्ये विशीतल्या कानाला त्यांची चकाकी किंचित मंदावलेली जाणवेलही. पन्नाशीतल्या काकांना वरचे सूर तसेही ऐकू येत नाहीत. तरी महागडा फिल्टर बहुधा तेच विकत घेतात.

22 किलोहर्ट्झवर कापल्याचा फरक मुळात ऐकू येतो का? 2007मध्ये मायर आणि मोरान यांनी उच्च प्रतीचा आवाज आणि तोच आवाज सीडीच्या मापातून काढलेला, असे दोन्ही न सांगता ऐकवले. 554 चाचण्यांत 276 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. 2016मध्ये जोशुआ रीस यांनी 18 प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा आकडा 52.3 टक्के निघाला. फरक अगदीच शून्य नाही, पण त्यासाठी कर्ज काढावं असाही नाही. डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्याने तर 4 किलोहर्ट्झच्या आसपासची श्रवणशक्ती आधी सांभाळावी. मोठ्या आवाजाचा पहिला घाला तिथेच पडतो.

घरी पडताळायचं तर दोन्ही फिल्टरचा आवाज तंतोतंत सारखा ठेवा आणि बटण दुसऱ्याला दाबू द्या. जराशी मोठी बाजू बहुधा ‘मोकळी’ वाटते. आणि वायरचे हेडफोन लावा, कारण ब्लूटूथवर फोनमधला डॅक बाजूलाच राहतो. तिथे चालतो तो हेडफोनमधला फिल्टर, आणि तो निवडायची सोय सहसा नसतेच.