प्लॅस्टिकचे तेल : प्रश्न भट्टीबाहेरचा

पावसाळा सरून काळ नदीचे पाणी बिरवाडीला ओसरते, तेव्हा काठच्या झुडपांना अडकलेल्या पिशव्या तेवढ्या मागे राहतात. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तरी हे दृश्य पालटलेले नाही. या पिशव्यांचे तेल करावे, ही कल्पनाही आता नवी नव्हे. नागपूरच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांनी या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तो प्रयोग केला. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ मध्ये रोज एक टन प्लॅस्टिकपासून डिझेल काढणारा प्रकल्प उभा राहिला. मग महाडची रासायनिक औद्योगिक वसाहत उशाशी असताना अशी भट्टी बिरवाडीलाच का नसावी, असे कोणीही विचारील.

हवा वर्ज्य करून पॉलिथिन साडेचारशे अंशांच्या आसपास तापविले की कार्बनच्या लांब साखळ्या तुटतात. उष्णता कमी पडली तर मेण हाती येते, अधिक झाली तर नुसता वायू. तेल मिळते ते मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात. त्यातून प्लॅस्टिक हे उष्णतेचे मंद वाहक. कडेचा माल करपतो आणि मधला जेमतेम वितळतो. पिठले बुडाला लागावे तसाच हा प्रकार. म्हणून ढवळणी, तापविण्याचा वेग, वाफेचा आत राहण्याचा अवधी, झिओलाइटसारखे उत्प्रेरक यांचे गणित जमवावे लागते. अभियंत्यांनी ते पुष्कळसे जमविलेही आहे.

अडते ते अन्यत्र. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो. तीनशे अंशांच्या आसपासच तो हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने सुटतो, पोलाद खातो आणि तेल नासवितो. पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक तेलाऐवजी आम्लाचे स्फटिक देते व ते नळ्यांत साचतात. ओल्या पिशवीतले पाणी उडविण्यातच बरेच इंधन खर्ची पडते. सर्वोत्तम तपमान शोधले, तरी ते निवडलेल्या, कोरड्या मालापुरतेच खरे!

ही निवड आज भंगारवाले आणि कचरा वेचणाऱ्या स्त्रिया करतात. त्यांना भाव मिळतो तो बाटल्या-डब्यांचा. तेलाला सर्वांत योग्य अशी पातळ पिशवी मात्र त्या उचलीत नाहीत. पाच ग्रॅमच्या दोनशे पिशव्या वेचाव्या, तेव्हा कुठे किलो भरतो. २०१६ च्या नियमांनी प्लॅस्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतींवर आणि उत्पादकांवरही टाकली आहे. उत्पादकांचा पैसा यंत्रसामग्रीआधी या वेचणीकडे वळला पाहिजे. अडचण एवढीच, की भट्टीची फीत कापता येते, पिशवीच्या भावाची नाही.

कोरड्या, निवडलेल्या पिशव्यांना किलोमागे काय द्यायचे, तो आकडा बिरवाडीने आधी ठरवावा. भट्टी कोठे उभारायची, ते मागाहून पाहता येईल.