हब गिअर आणि डिरेलर गिअर
हब गिअर आणि डिरेलर गिअर हे सायकलच्या गिअर यंत्रणेचे दोन प्रमुख प्रकार आहेत. डिरेलरमध्ये साखळी एका दंतचक्रावरून शेजारच्या लहान किंवा मोठ्या दंतचक्रावर सरकवली जाते. ही यंत्रणा उघडी असते. टूर द फ्रान्स शर्यतीत तिला १९३७ साली परवानगी मिळाली. हब गिअरमध्ये दंतचक्रे मागील चाकाच्या हबमध्ये बंदिस्त असतात. मूळच्या इंग्लंडमधील स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरांचा हब प्रसिद्ध आहे. त्याच्या 'एडब्ल्यू' नमुन्यात मधल्या गिअरपेक्षा एक २५ टक्के हलका व एक सुमारे ३३ टक्के जड असतो.

यांपैकी कोणता प्रकार सोयीचा, हे बरेचसे जमिनीवर ठरते. बीड जिल्ह्यात दोन्ही टोके आढळतात. उत्तरेकडील गेवराई, माजलगाव हे तालुके गोदावरीच्या खोऱ्यात असून तेथील भूभाग बराचसा सपाट आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिकट चिखल डिरेलरच्या लहान चाकांत अडकतो व साखळी नीट सरकत नाही. हब गिअरला हा त्रास नाही. साखळीवर पूर्ण चेनकव्हरही बसवता येते आणि सायकल थांबलेली असतानाही गिअर बदलता येतो. मात्र बालाघाटच्या डोंगररांगेत, उदाहरणार्थ मांजरसुंब्याच्या घाटात, ओझे घेऊन चढताना तीन गिअर अपुरे पडतात. तेथे मोठ्या दंतचक्राचा डिरेलर उपयोगी ठरतो.

दुरुस्तीचा विचारही महत्त्वाचा आहे. डिरेलर लवकर बिघडतो, पण त्याचा दोष डोळ्यांना दिसतो. हब क्वचितच बिघडतो. बिघडल्यास तो उघडण्यासाठी जाणकार कारागीर लागतो. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये साचलेला चिखल मात्र दोन्ही प्रकारांत काडीनेच काढावा लागतो.