पुस्तक दिसते, ग्रंथपाल दिसत नाही
नायक जन्मलाच नसता, तर नायिकेचे काय झाले असते? फ्रँक काप्रा यांच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) या हॉलिवूडपटाचे उत्तर : ती चष्मेवाली, भेदरलेली, अविवाहित ग्रंथपाल झाली असती! जणू शिक्षाच.

त्याच १९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तिथले ग्रंथपाल एस. एस. रेगे यांचा बाबासाहेबांशी निकटचा संबंध होता. आपल्या पोस्टरवर बाबासाहेबांच्या हाती पुस्तक असतेच. रेगे मात्र कुठे नसतात.

परळ-लालबागमध्ये अभ्यासिका काढताना आपण टेबल-पंखे मोजतो, 'शांतता राखा'ची पाटी लावतो. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलीला आधी काय वाचावे हे सांगणाऱ्या प्रशिक्षित ग्रंथपालाचा पगार खर्चाच्या यादीत नसतो.