जमीन थांबली, मन अजून हादरतंय?

२०२४ साली २१ मार्च आणि १० जुलैला सकाळी आपल्या हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसले. आखाडा बाळापूर परिसरालाही ते जाणवले. अशा हादऱ्यानंतर कुणाची झोप उडते, ट्रकच्या आवाजानेही छाती धडधडते. महिना उलटूनही हे थांबलं नाही, तर ती बाहेरबाधा नव्हे, भित्रेपणाही नव्हे. तो मनावरचा आघात आहे आणि उपचाराने तो बरा होऊ शकतो. समुपदेशक आधी श्वास सावरायला शिकवतात, मग घडलेलं हळूहळू बोलतं करतात. धोका टळलाय, हे मनाला पटू लागतं. विहारातली आनापानसती सोबतीला असावी, उपचाराऐवजी नको. टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. अंगारे-धुपारे आपण सोडले. मनाच्या दुखण्यासाठी ते पुन्हा घरात आणू नयेत, एवढंच आम्ही सांगतो. जयभीम!