लॅपटॉपवरील चित्र फिके का दिसते?

बंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर ही जयप्रकाश नारायण यांच्या नावाने ओळखली जाणारी वसाहत. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेली अनेक कुटुंबे या परिसरात स्थिरावली आहेत. मराठी चित्रपटांचे खेळ येथे मोजकेच होत असल्याने जुना बोलपट, नाटकाचे चित्रण किंवा गावाकडून आलेली मुंजीची चित्रफीत बहुधा लॅपटॉपवरच पाहिली जाते. अशा वेळी काळा रंग करडा दिसतो, चेहरे पिवळट किंवा हिरवट भासतात, अंधाराच्या प्रसंगात काहीच दिसेनासे होते. मग पडदा खराब झाला असे गृहीत धरून लॅपटॉप दुरुस्तीला दिला जातो. पडदा बदलण्याचा खर्च लहान नसतो आणि पुष्कळदा तो अनावश्यक असतो.

दोष कोठे आहे हे ठरविण्यासाठी कृष्णधवल चित्रपटासारखे साधन नाही. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ हा १९३६ सालचा चित्रपट त्यासाठी उत्तम. त्यात रंग मुळातच नाही. त्यामुळे पडद्यावर पिवळी, निळी वा गुलाबी झाक दिसली तर ती बहुधा लॅपटॉपची समजावी. (जुन्या प्रतीच्या संगणकीकरणात क्वचित तपकिरी छटा राहून जाते, तोच चित्रपट मोबाइलवर पाहिल्यास उलगडा होतो.) काळा रंग काळा आणि पांढरा पांढरा दिसतो की नाही, हेही येथे चटकन कळते.

झाक पिवळी असेल तर प्रथम ‘नाइट लाइट’ ही सोय तपासावी. विंडोज प्रणालीत ती २०१७ पासून आहे. सूर्यास्तानंतर पडद्यातील निळा प्रकाश आपोआप कमी करणे हे तिचे काम. दिवसा चित्र ठीक आणि रात्री पिवळे, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच. अॅपलच्या संगणकांत ‘नाइट शिफ्ट’ आणि ‘ट्रू टोन’ या सोयी चित्राची छटा बदलतात. ही बाब केवळ करमणुकीची नाही. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यक सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे जारी केल्यानंतर पडद्यावरून डॉक्टरांशी बोलणे रूढ झाले. डोळ्यांतील पिवळेपणा किंवा त्वचेवरील लाली पडद्यावर पाहायची असेल तर पाहणाऱ्याचा पडदाच पिवळा असून चालणार नाही.

दुसरी नेहमीची तक्रार प्रखरता आपोआप कमी-जास्त होण्याची. प्रसंग अंधाराचा आला की पडदा आणखी मंद होतो आणि उजेडाचा आला की हळूहळू उजळतो. हा बिघाड नव्हे, बॅटरी वाचविण्याची योजना आहे. गडद चित्राला मागचा दिवा कमी लागतो, या तर्काने ग्राफिक्सचा ड्रायव्हर दिव्याची प्रखरता उतरवितो. चार्जर जोडताच हा प्रकार थांबला तर निदान पक्के झाले. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘डिस्प्ले’ विभागात, ब्राइटनेसच्या खाली, दृश्यानुसार प्रखरता बदलण्याचा पर्याय अनेक लॅपटॉपवर असतो; तो बंद करावा. इंटेल आणि एएमडी यांच्या स्वतःच्या नियंत्रण कार्यक्रमांतही अशी सोय वेगळ्या नावाने असते, म्हणून एक बंद करूनही फरक न पडल्यास दुसरीकडे पाहावे. बॅटरी सेव्हर चालू असल्यास पडदा मुळातच मंद ठेवला जातो, हेही विसरू नये.

सर्वांत फसवी तक्रार मात्र काळ्याचा करडा होण्याची. तिचे मूळ दूरचित्रवाणीच्या इतिहासात आहे. १९८२ मध्ये, म्हणजे भारतात आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली त्याच वर्षी, अंकीय चित्रासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक ठरविण्यात आले. त्यात पूर्ण काळ्या रंगाला १६ आणि पूर्ण पांढऱ्याला २३५ हा अंक देण्यात आला. दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा राखली गेली. संगणक मात्र काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला २५५ मानतो. चित्रपटांच्या फायली आजही बहुतांशी दूरचित्रवाणीचाच हिशेब पाळतात. म्हणून दाखविण्यापूर्वी ते अंक ताणून संगणकाच्या मापात बसवावे लागतात.

हे ताणणे राहून गेले की १६ हा अंक जसाच्या तसा पडद्यावर येतो. काळ्याच्या जागी करडा दिसतो, पांढरा मळकट होतो आणि सारे चित्र धुक्यातून पाहिल्यासारखे वाटते. उलट, तेच काम दोनदा झाले तर केसांतील बटा, काळ्या साडीच्या निऱ्या, रात्रीच्या वाड्यातील खांब हे सर्व एकाच काळ्या डागात बुडते. ब्राइटनेसची कळ दाबून यांपैकी काहीच सुधारत नाही, कारण ती कळ केवळ मागचा दिवा वाढविते. काळ्या-पांढऱ्यातील अंतर तेवढेच राहते. वापरकर्ते मात्र नेमकी तीच कळ दाबत राहतात.

उपाय ग्राफिक्सच्या नियंत्रण कार्यक्रमात आहे. एनव्हिडियाच्या कार्यक्रमात व्हिडिओच्या रंगांसाठी स्वतंत्र पान असून तेथे ‘० ते २५५’ आणि ‘१६ ते २३५’ असे दोन पर्याय मिळतात. लॅपटॉपच्या पडद्यासाठी पहिला निवडावा. इतर कंपन्यांच्या कार्यक्रमांत हाच पर्याय ‘पूर्ण’ आणि ‘मर्यादित’ अशा अर्थाच्या शब्दांत असतो. लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडल्यावर चित्र बिघडत असेल तर लॅपटॉप आणि टीव्ही दोहोंवर एकच पर्याय निवडलेला आहे का ते पाहावे. एका बाजूने पूर्ण आणि दुसऱ्या बाजूने मर्यादित, हा गोंधळ फार आढळतो.

नव्या मोबाइल संचांनी आणखी एक अडचण आणली आहे. काही मोबाइल आता एचडीआर पद्धतीने चित्रण करतात. त्यात अतिशय प्रखर प्रकाशाचाही समावेश असतो, तर साध्या लॅपटॉपच्या पडद्याची झेप साधारण २५० ते ३०० निटपर्यंतच असते. प्लेअरने त्या प्रखरतेचे योग्य रूपांतर केले नाही तर नातवाच्या मुंजीतील पिवळा पितांबर फिका पडतो आणि मांडव राखाडी दिसतो. व्हीएलसीसारख्या प्लेअरची अद्ययावत आवृत्ती घेणे, अथवा पाठविणाऱ्यालाच मोबाइलमधील एचडीआर बंद करून पुढचे चित्रण करण्यास सांगणे, हे दोन मार्ग आहेत. दुसरा अधिक खात्रीचा.

चित्रात हिरवे वा गुलाबी पट्टे उमटत असतील आणि ते केवळ चित्रपट चालू असतानाच दिसत असतील, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. ब्राउझरच्या सेटिंग्जमधून हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करून तीच चित्रफीत पुन्हा पाहावी. पट्टे गेले, तर लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्यावा.

खरोखर पडदाच बिघडला असेल तर त्याच्या खुणा वेगळ्या असतात. लॅपटॉप सुरू होताना कंपनीचे बोधचिन्ह दिसते, तेव्हाच रंग चुकलेले असतील तर विंडोज किंवा प्लेअरला दोष देता येणार नाही. झाकण पुढे-मागे करताना रंग बदलत असतील तर बिजागरीतून जाणारी केबल सैल झालेली अथवा झिजलेली असू शकते. ती बदलणे पडदा बदलण्यापेक्षा बरेच स्वस्त पडते. मात्र स्वस्त लॅपटॉपमधील ‘टीएन’ प्रकारचे पडदे खालून-वरून पाहिले की मुळातच रंग पालटतात. तो दोष नाही, त्या पडद्याची मर्यादा आहे. समोरून, डोळ्यांच्या पातळीत पाहावे.

बंगळुरूत संगणकाच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ सदर पत्रप्पा रस्त्यावर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एस. पी. रोडवर आहे. तेथे किंवा अन्यत्र लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी घरीच तो दुसऱ्या मॉनिटरला जोडून पाहावा. मॉनिटरवर चित्र निर्दोष असेल तर बिघाड लॅपटॉपच्या पडद्यात, त्याच्या केबलमध्ये किंवा वर सांगितलेल्या बॅटरी बचतीच्या योजनेत शोधावा. दोन्हीकडे सारखाच दोष दिसत असेल तर पडदा बदलून काहीही साधणार नाही; ही चाचणी दुकानदारालाही समक्ष करून दाखविण्यास सांगावे.