स्वगत कोण ऐकतं?

पेणच्या कारखान्यांत एकाच साच्यातून निघालेले गणपती ओळीने मांडलेले असतात. रंग चढतो, डोळ्यांची आखणी होते, आणि काल सारख्या दिसणाऱ्या मूर्ती आज वेगळ्या वाटू लागतात. नाटकातलं एकच स्वगत तीन दिग्दर्शकांनी पडद्यावर आणलं, तर असंच होतं. शब्द साच्यातले, नजर ज्याची त्याने आखलेली. पेण-रोह्यातल्या कॉलेजांत साहित्य शिकणाऱ्या मुलांना ‘तुलना करा’ असं सांगितलं जातं, तेव्हा निबंध या आखणीवर लिहायचा असतो.

बहुतेकांचा निबंध मात्र वेगळाच होतो. पहिल्या चित्रपटाची गोष्ट एक पानभर, दुसऱ्याची एक पानभर, आणि शेवटी दोन्ही आपापल्या जागी श्रेष्ठ. हे दोन सारांश झाले. तुलना सुरूच झाली नाही.

उदाहरणाला ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकातलं जगण्या-मरण्याच्या प्रश्नाचं स्वगत घेऊ. मराठीशी त्याचं नातं जुनं आहे. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने हे नाटक मराठीत आणलं. पुढे शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’मध्ये तोच प्रश्न गणपतराव बेलवलकरांच्या तोंडी घातला.

पहिलं काम मूळ संहिता वाचण्याचं. स्वगताच्या आधी काय घडतं आणि नंतर कोण येतं, तेही वाचा. इथे राजा क्लॉडियस आणि पोलोनियस हॅम्लेटवर पाळत ठेवण्यासाठी नुकतेच लपले आहेत, आणि ऑफेलिया जवळच आहे. म्हणजे माणूस एकटा आहे असं समजून बोलतो, पण एकटा नाही. यातून तुमचा प्रश्न निघतो: हे स्वगत कोण ऐकतं? रंगभूमीवर प्रेक्षक ऐकतात, हा संकेत सगळ्यांनी मान्य केलेला असतो. पडद्यावर ते कॅमेरा ठरवतो.

आता या नाटकावरचे तीन चित्रपट पाहा. पूर्ण एकदा पाहाच, पण तो प्रसंग चार-पाच वेळा पाहा. तो काही मिनिटांचाच आहे. पेणला गाडीत बसलात तर रोहा येईपर्यंत तीनही चित्रपटांतला पाहून होतो. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून नुसता ऐका. वहीत नोंदी करा: प्रसंग कुठे घडतो, नट कुणाकडे बघतो, ओठ हलतात का, हातात काय आहे, कोणत्या ओळी गाळल्या, प्रसंग मूळ जागी आहे की हलवला. ‘अभिनय प्रभावी’ असं वहीत लिहू नका. त्यातून पुढे काहीच निघत नाही.

लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४८ च्या चित्रपटात ऑफेलियाचा प्रसंग आधी येतो आणि स्वगत नंतर. कॅमेरा किल्ल्याच्या उंच टोकाशी जातो, हॅम्लेटच्या डोक्यामागे पोचतो, खाली समुद्र उसळतो आहे. काही ओळी तो बोलतो, काही ओठ न हलवता नुसत्या ऐकू येतात. हातात खंजीर आहे, तो समुद्रात पडतो. क्रम बदलल्यामुळे लपलेले कान मागे राहिले. आता ऐकणारे फक्त आपण, तेही त्याच्या डोक्यात शिरून.

कोझिन्त्सेवच्या १९६४ च्या रशियन चित्रपटात हॅम्लेट खडकाळ किनाऱ्यावर चालतो आणि सगळं स्वगत मनातच चालतं. शब्द पास्तरनाकच्या रशियन अनुवादातले. भाषांतरावर लिहिताना सबटायटल्सना मूळ शब्द मानू नका.

केनेथ ब्रानाचा १९९६ चा चित्रपट जवळपास चार तासांचा. त्यात संहिता न गाळता घेतली आहे. इथे हॅम्लेट आरशासमोर उभा आहे, आणि आरशापलीकडून क्लॉडियस त्याला बघतो आहे. कॅमेरा हळूहळू प्रतिबिंबाकडे सरकतो. हॅम्लेट खंजीर काढतो तेव्हा टोक स्वतःकडेही आहे आणि नकळत राजाकडेही. माझ्या मते ऐकण्याच्या प्रश्नाला तिघांत सर्वांत नेमकं उत्तर इथे आहे, कारण मूळ प्रसंगातली पाळत स्वगत चालू असतानाच दिसते.

नोंदी झाल्या की एक वाक्य लिहा, ज्याच्याशी कुणी असहमत होऊ शकेल. ‘तिन्ही चित्रपटांत स्वगत वेगळं आहे’ यावर कुणीच वाद घालणार नाही. ‘ऑलिव्हिए स्वगताला विचार बनवतो, ब्राना त्याला धोका बनवतो’ यावर घालता येईल. या वाक्यासाठीच बाकीचा निबंध आहे.

मग परिच्छेद पाडा, पण चित्रपटागणिक नको. एक परिच्छेद जागेवर, एक आवाजावर, एक खंजिरावर, आणि प्रत्येकात किमान दोन चित्रपट समोरासमोर. आधी काय दिसतं ते सांगा, मग त्याने अर्थ कसा बदलतो ते. दुसरा भाग राहून गेला की परीक्षक समासात ‘मग काय?’ लिहितो, आणि ते बरोबरच असतं.

हीच रीत घरच्या विषयाला लावता येईल. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं, बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू. २०१६ साली महेश मांजरेकरांच्या चित्रपटात ती भूमिका नाना पाटेकरांनी केली. ते जन्माने आपल्या शेजारच्या मुरूडचे. २०१८ साली गुजराती चित्रपट आला, त्यात सिद्धार्थ रांदेरिया. इथे प्रश्न आणखी अवघड होतो. बेलवलकर स्वतः नट आहेत. स्वगत म्हणताना ते स्वतःचं बोलतात की जुनी भूमिका पुन्हा करतात? आणि समोर नाट्यगृह नसताना ऐकणारं कोण?

लागूंचे ते प्रयोग पाहिलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत. तुमच्या घरात, आळीत कुणी असेल, तर चित्रपट लावण्याआधी वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. स्वगताच्या वेळी डॉक्टर कुणाकडे बघत होते, एवढंच विचारा.